महागडा डबा परत कपाटात

धुळ्यातले ते कॉम्प्युटरवाले भाऊ कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून बसतात आणि भाव सांगण्याआधी विचारतात, "तू गेम कोणता खेळस?"

पारोळ्याहून मी व्हिडिओ पाहून ठरवलेला महागडा प्रोसेसर घ्यायला गेलो होतो. त्यांनी तो डबा माझ्या हातातून काढून कपाटात ठेवला. त्यांच्या बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये स्वस्तातला प्रोसेसर होता. त्यावरच माझा गेम लावून मला तासभर खेळायला बसवलं. गिऱ्हाइकं खोळंबली.

"गेम अडकस का? नही ना? मंग महाग कसाले लेस?"

स्वस्तातलाच घेतला. यंदा पगार वाढला, म्हणून नवा घ्यायला गेलो.

"जुना अडकस का?"

"नाही, भाऊ."

त्यांनी चहा पाजला आणि मला रिकाम्या हाती परत पाठवलं.