कॉलरताईचं उत्तर

माझी मावशी एकोणीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. फक्त कॉलर. बाही कोण शिवतं, बटणं कोण लावतं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. सगळे तिला कॉलरताईच म्हणायचे. घरी जेवायला बसली तरी तिचा उजवा पाय पायडल दाबत राहायचा.

एकदा शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीची तपासनीस बाई येणार होती. कामगारांचं पगारात भागतं का, हे तिला बघायचं होतं. आदल्या दिवशी सुपरवायझरनं सगळ्या बायकांना उभं करून उत्तरं पाठ करून घेतली.

"पगारात भागतं का?"

"भागतं."

"जादा काम?"

"आमच्या मर्जीनं."

मावशीचा आवाज सगळ्यांत खणखणीत, म्हणून मुलाखतीला तिलाच पुढे केलं.

तपासनीस वयानं लेकीएवढी होती. तिनं खोलीचं दार लावून घेतलं, स्वतःचं कार्ड दिलं आणि प्रश्न विचारले. मावशीनं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. मग ती पोरगी सहज म्हणाली, "संध्याकाळी घरी गेल्यावर काय करता?"

याचं उत्तर कुणी शिकवलं नव्हतं. मावशी संध्याकाळी लोकांचे पडदे शिवायची आणि रविवारी दवाखान्याच्या पायऱ्या पुसायची.

"आराम," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. भाजीत दोनदा मीठ पडलं. बसमधून एक थांबा आधीच उतरली.

"अगं, झालंय काय तुला?" माझ्या आईनं विचारलं.

"खोटं बोलले."

"सगळ्याच बोलल्या की."

"ते पाठ केलेलं होतं गं. आराम मात्र मी माझ्या मनानं सांगितला."

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं बसथांब्यावरून कार्डावरचा नंबर लावला आणि नाव न सांगताच सुरू झाली, "मी आराम करत नाही."

"कोण बोलतंय?"

"कॉलरवाली." मग तिनं पडदे, पायऱ्या, सक्तीचं जादा काम, सगळं सांगून टाकलं.

दीड महिन्यानं तपासनीस न कळवता आली आणि बायकांना त्यांच्या घरी जाऊन भेटली. सक्तीचं जादा काम लगेच बंद झालं. पगार मात्र वाढला नाही. शर्टामागे जास्त पैसे कोण देणार यावर कारखाना आणि कंपनी आठ महिने घोळ घालत बसले. जादा कामाचे पैसे गेल्यानं तेवढे दिवस सगळ्यांच्याच हातात कमी पैसे पडले. सुपरवायझरला संशय होताच. त्यानं मावशीला कॉलरवरून उठवून दोरे कापायला बसवलं. आणि शेजारची मशीनवाली, जिच्याबरोबर मावशी रोज जेवायची, तोंडावर म्हणाली, "तुझ्या खरं बोलण्यानं माझ्या लेकीची फी भरायची राहिली." मावशी मग जिन्यात उभ्या उभ्या डबा खाऊ लागली. पुन्हा फोन करावा, माफी मागावी, नोकरी सोडावी, असे बेत रोज करायची आणि रोज मोडायची.

नवव्या महिन्यात पगार वाढला. मशीनवालीनं जिन्यात येऊन आपला डबा तिच्यापुढे केला, पण बोलायला आणखी बरेच दिवस घेतले. कॉलरची मशीन काही परत मिळाली नाही.

पायऱ्या पुसणं मावशीनं सोडलं, पडदे अजून शिवते. आता भागतं का, असं मी मागे विचारलं.

"वीस तारखेपर्यंत," ती म्हणाली. "आधी बारापर्यंतच पुरायचं."