दादांच्या बॅनरखालचे कांदे

छबुबाईला राग आला की ती ओरडत नाही, झाडू हातात घेते. उमापूरच्या अलीकडं, फाट्यावरून आत वळलं की तिची वस्ती. तिथल्या बायका उडालेला धुरळा बघूनच ओळखतात, आज छबुबाईचं बिनसलंय. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी तर तिनं आपलं अंगण झाडता झाडता शेजारणीचंही झाडून काढलं. शेजारीण म्हणाली, "अशीच रोज चिडत जा गं माय." एवढं चिडायला झालं काय, ते सांगायचं तर आधी बाई कशी आहे ते सांगावं लागेल, आणि ते एका वाक्यात उरकणारं नाही.

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याबरोबर ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याची उचल मुकादम दसऱ्याला आगाऊ मोजायचा, ती नवऱ्याच्या हातात. तोडायला दोघं, मोजून घ्यायला एक! बाईच्या वाट्याला काय, तर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्याच्या पेंढ्या बांधून गुरंढोरंवाल्यांना विकायच्या आणि त्यात तेलमीठ भागवायचं. छबुबाईही भागवायची, पण रोज पहिली पेंढी बाजूला काढून. "ही माजी न्हाई," म्हणायची. तिची नाही म्हणजे खर्चाची नाही. बाकीच्या बायका हसायच्या. त्या पेंढ्यांतून एक शेळी झाली, शेळीच्या करडांतून पत्र्याची खोली झाली, आणि नवरा वारल्यावर त्याच शेळ्यांच्या जोरावर दीड एकर कोरडवाहू तुकड्याला पाणी आलं. मग हसणाऱ्या बायका बचत गटाचे पैसे तिच्याकडं सांभाळायला द्यायला लागल्या.

बाजाराला ती दुपार कलल्यावर जायची, भाजीवाल्यांना घरी जायची घाई सुटते तेव्हा. आणि जेवून जायची. उपाशी माणसाच्या पिशवीत नको ते जास्त पडतं, हे तिचं म्हणणं. एकदा दिराच्या पोराच्या लग्नात व्याह्यांनी तिला आहेराची साडी दिली. बाईनं ती भर मांडवात उलगडली, हातानं मोजली आणि विचारलं, "ही नेसायची का हिनं परात पुसायची?" साडी खरंच हातभर आखूड होती. व्याह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण त्या दिवसापासून भावकीत एकमेकांना न नेसायच्या साड्या फिरवणं कमी झालं, हेही खरं. लोक तिला चिक्कट म्हणत. ती म्हणायची, "चिक्कट असते तर तुज्या चहात दूध घातलं असतं का?"

तर अशी बाई. आणि त्या वर्षी तिनं कांदा केला होता.

कांदा निघाला तेव्हा भाव पडलेला. गावानं शेतातूनच टेम्पो भरून दिले. छबुबाईनं तिसरा हिस्सा तेवढा विकला, बी-खताचं भागवलं आणि बाकीचा साठवणीच्या चाळीत भरला. तिचा हिशेब साधा होता. हा कांदा दसऱ्यापर्यंत नीट राहिला तर मुलगा रामेश्वर आणि सून मंगल यांनी यंदा उचल घ्यायची नाही. कोयता बंद. नात राजनंदिनी दरवर्षी दिवाळी झाली की आईबापामागं उसाच्या फडावर जाते आणि उन्हाळ्यात परत येऊन पुढच्या वर्गात बसते, मधलं पुस्तक कोरंच. तेही बंद.

चाळ घरच्याच बांबूची, वर उसाचं पाचट, म्हणजे वाळली पानं. पाचटावर ताडपत्री मात्र पाहिजेच, कारण कांद्याला वरून पाणी लागलं की आठ दिवसांत अख्खी चाळ नासते. छबुबाईनं डब्यातून अडीच हजार काढले आणि रामेश्वरला गेवराईला धाडलं. तो मोकळ्या हातानं आला. "माल न्हाई म्हणला दुकानदार. पुढल्या आठवड्यात येतो म्हणला." पुढल्या आठवड्यातही माल नव्हता. छबुबाईला वाटलं, एवढा पाऊस कुठं पडलाय की गेवराईतल्या ताडपत्र्या संपाव्यात?

त्याच दिवसांत अमरसिंह दादांचा वाढदिवस झाला. दादा म्हणजे मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असलेले. फाट्यावर वीस फुटी बॅनर लागला. वर दादांचा चेहरा, बैलगाडीच्या चाकाएवढा. रात्रभर गाणी वाजली, तलवारीनं केक कापला. दोन दिवसांनी वावटळ आली, बॅनरचा एक दोर तुटला आणि दादा तोंडावर नालीत पडले. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पोरं गाड्यांवरून जात-येत होती. एकाही मायच्या लालाला वाटलं नाही की उचलावं.

छबुबाई बाजारातून पायी येत होती. तिनं बॅनर पाहिला, बोटानं चाचपला. चांगला जाड होता. गुंडाळी केली, डोक्यावर घेतली आणि घरी आणून हापशावर धुतला.

अंगणात पसरून पुसायला बसल्या दोघी सासू-सुना. वरचे दादा पुसून झाले. खाली शुभेच्छा देणाऱ्यांची रांग होती, एकेकाचा फोटो, कुणी गॉगल लावलेला, कुणी फोन कानाला लावलेला. छबुबाईचा हात चालता चालता थांबला. तिनं आधी चेहरा नाही ओळखला, शर्ट ओळखला. निळ्या चौकड्यांचा, दिवाळी झाल्यावर भाव उतरल्यावर तिनंच घेतलेला.

"मंगल, ह्यो कोण गं?"

मंगलनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आत्या... हे तर हेच हायत."

"ह्या रांगीत फुकट घेत्यात का फोटो?"

सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे की त्या रांगेत फुकट कुणी बसत नाही. ज्याची पट्टी, म्हणजे वर्गणी, मोठी, त्याचा फोटो दादांच्या जवळ. रामेश्वर कडेचा होता. कोपऱ्यातला. अडीच हजारांत कोपराच येत असणार.

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ, शेजारणीच्या अंगणापर्यंत झाडू गेला तो.

रामेश्वर उठून बाहेर आला तर माय झाडतेय आणि खाटेवर बॅनर.

"गेवराईला माल आला का रं?" छबुबाईनं न बघता विचारलं.

"न्हाई अजून—"

"आला की. हा काय. वीस फूट. तुज्या तोंडासकट आलाय."

रामेश्वर खाली बघायला लागला. "माय, समदे देत होते. मी एकटा कसा मागं राहू? उद्या काम पडलं तर दादा हायत म्हणून..."

"काम? तुजं काय काम पडणार दादाकडं? तू ऊस तोडतूस, दादा केक तोडतो!" झाडू थांबला. "मी फडावर थंडीत पहाटं उठून वाढे इकले. पयली पेंढी कधी खाल्ली न्हाई. आन् तू ती कुणाला चारली? त्याला तुजं नाव तरी ठाऊक हाय का?"

नाव ठाऊक नव्हतं. बॅनरवर 'रमेश' छापलं होतं.

बॅनर चाळीवर चढला. मंगल म्हणाली, "आत्या, तोंड खाली करू, बरं दिसत न्हाई." छबुबाई म्हणाली, "छापलेली बाजू गुळगुळीत हाय, पाणी थांबत न्हाई. तोंड वरच." पण खरं तर तिला वाटत होतं की पोरानं रोज सकाळी ते बघावं.

आता छबुबाईचा एक तुरेवाला कोंबडा होता. त्याला उंच जागा लागायची. त्यानं दादांचं कपाळ पसंत केलं. दिवस उगवला की तिथं उभा राहून बांग द्यायचा, आणि कोंबडा तो कोंबडा, बाकीचंही तिथंच करायचा. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. दुपारपर्यंत ते तालुकाभर फिरलं, आणि विरोधी पार्टीच्या पोरांनी तर त्याला गाणं लावलं.

संध्याकाळी तीन मोटारसायकली आल्या. पुढं शहादेव, दादांच्या गटाचा म्होरक्या. त्याच्या मागच्या सीटवर मान खाली घालून रामेश्वर.

"काकू, हे काय चाललंय? दादांची बेइज्जती हाय ही! बॅनर खाली घ्या."

"तीन दिवस नालीत पडलतं तवा कुठं गेलती रे इज्जत? तवा भिजली न्हाई का ती?"

"ते वारं आलतं—"

"माज्याकडं कोंबडा आलता."

मागची दोन पोरं हसली. शहादेवनं त्यांच्याकडं बघितलं तशी गप्प झाली.

"काकू, बॅनर गटाचा हाय. आमी पैसे घातलेत."

"मीबी घातलेत. त्यो बघ माजा कोपरा." छबुबाईनं झाडूनं दाखवलं. "अडीच हजार ठिव हितं, आन् उचल तुजे दादा. न्हाईतर ताडपत्री आण."

शहादेव जाताना म्हणाला, "बघतो." छबुबाईनं रात्री भाकरी इतक्या पातळ थापल्या की मंगल म्हणाली, ह्या वाऱ्यानं उडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैठणच्या अंगानं काळं भरून आलं. अवकाळी येणार हे दिसतच होतं. छबुबाई चाळीभोवती फिरून बॅनरवर दगड ठेवत होती, तोच गाड्या परत आल्या, रामेश्वरही मागं बसलेला. आणि शहादेवच्या मांडीवर नवी कोरी निळी ताडपत्री! छबुबाईनं हातातला दगड खाली ठेवला. एवढं झालं तर कांदा वाचला. कोंबड्याचं काम झालं म्हणायचं.

"घ्या काकू. दादांनी स्वतः धाडली. म्हणले, आपल्या माणसाला कमी पडू देऊ नका."

"दादाला म्हणावं देव भलं करो. रामा, चढ वर."

"थांबा थांबा," शहादेव म्हणाला. "आधी एक फोटो." दोघांनी एक लहानसा बॅनर उलगडला. त्यावर दादा हात जोडून उभे, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'अमरसिंह दादांच्या वतीनं गरजूंना ताडपत्री वाटप.' "तुमी असं दोन्ही हात पुढं करा. जरा पदर नीट घ्या. न्हाई, असाच राहू द्या, चांगला फाटका दिसतो."

छबुबाईनं वाचलं. शाळा तिची तिसरीपर्यंत, पण मोठी अक्षरं वाचायची.

"गरजू कोण?"

"म्हणजे... तसं लिवायची पद्धत हाय काकू."

"कोण गरजू? मी?" तिचा आवाज चढला नाही, पण हात झाडूकडं गेला. "मी कुणाच्या दारात उभी राहिले? माज्या पोराचे अडीच हजार तुमी खाल्ले, गाणी वाजवून नाचले, आन् आता माजीच ताडपत्री मला दान? वर फोटो? उद्या त्यो फोटो फाट्यावर लावाल, त्याचीबी पट्टी ह्याच्याकडूनच घ्याल!"

वारा सुटला. बॅनरचा एक कोपरा फडफडायला लागला. शहादेवनं आभाळाकडं बघितलं आणि गालात हसला. "काकू, दोन मिनिटांचं काम हाय. पाऊस आला तर कांदा जाईल. हात लावा नुसता."

खरंच होतं ते. कांदा जाणार होता. आणि कांद्याबरोबर दसऱ्याला मुकादमाला नाही म्हणणंही जाणार होतं. छबुबाईनं चाळीकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं. हात लावला असता तर कुणी मेलं नसतं. तिनं हात मागं घेतले.

"रामेश्वर," शहादेव म्हणाला, "चढ बे वर, सोड तो बॅनर. मग बघू म्हातारी कशी न्हाई म्हणती."

रामेश्वर चढला. छबुबाई बघत राहिली. तो पाचटावरून चालत फडफडणाऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला, तोच त्याचा स्वतःचा फोटो असलेला कोपरा. वाकला, दोर धरला, आणि सोडायच्या ऐवजी बांबूला गाठ मारली. मग दुसरी मारली.

"का बे, काय करायलास?"

"बांधायलोय," रामेश्वर वरूनच म्हणाला. "हे माज्या पैशाचं हाय. तुजी ताडपत्री घिऊन जा. आन् शहादेव, माजं नाव रमेश न्हाई."

टपोरे थेंब पडायला लागले. फोटो काढणाऱ्या पोरानं आधी मोबाइल खिशात घातला. शहादेवनं ताडपत्री डोक्यावर धरली आणि गाडीला किक मारली. जाताना ती ताडपत्री त्यांच्याच उपयोगी पडली.

मंगलनं खालून दोर दिले, छबुबाईनं दगड दिले, रामेश्वर दादांच्या नाकावर गुडघा टेकून बांधत राहिला. तासभर पाऊस आणि गारा. दादांनी सगळं अंगावर घेतलं. तेवढं काम मात्र त्यांनी चोख केलं. कडेचे दोन-तीन पाट्या कांदे भिजले, ते छबुबाईनं त्याच आठवड्यात वाळवून विकले.

दसऱ्याच्या आधी कांद्याला भाव आला. एकदम सगळा विकायचा नाही, अर्धा आता आणि अर्धा पंधरा दिवसांनी, हे रामेश्वरच म्हणाला. त्या दिवशी छबुबाईनं त्याला वाढताना तुपाची धार जरा जास्त धरली.

त्रिंबक मुकादम आला, चहा पिऊन चाळीकडं बघत बसला. उन्हानं दादांचा चेहरा पार पांढरा पडला होता, नुसत्या मिशा उरल्या होत्या.

"मग, कोयता किती धरू?" त्यानं विचारलं.

"आमचा धरू नका," मंगलनं आतूनच सांगितलं. तिनं मुकादमाशी बोलायची ही पहिलीच वेळ.

त्याच दुपारी बाजाराला निघालेल्या मायलेकांना शहादेवही फाट्यावर भेटला. दादांचे दसरा-दिवाळीचे शुभेच्छा बॅनर लावायचे होते. झालं गेलं विसरून तो म्हणाला, "रामेश्वर, नाव नीट छापतो ह्या वक्ताला. फोटो दे, आन् पट्टी." रामेश्वरनं मायकडं बघितलं. छबुबाई पिशवी काखेत मारून उभी होती.

"पट्टी न्हाई," रामेश्वर म्हणाला. "केवढा करणार हाय पण?"

"तीस फुटी."

"मंग मागून काळा असतो त्यो घे रे," छबुबाई म्हणाली. "ह्यो मागून पांढरा, चाळीवर एक उन्हाळाबी टिकत न्हाई. पैसे घालता तर जरा बघून घालत जा!"