महामायाबाईंचा पाच नंबर

बसलिंगप्पांनी अर्जात एक शब्द जास्तीचा घातला आणि तिसऱ्या दिवशी पेशकार जाळ्यात गेला.

पेशकार म्हणजे माणूस नव्हे, कुत्रं. मागचा एक पाय जीपखाली आल्यापासून लंगडं झालेलं. लोह्याच्या तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली ते सकाळी दहाला हजर व्हायचं, पाचला उठून जायचं आणि सुट्टीच्या दिवशी फिरकायचं नाही, म्हणून लोकांनीच त्याला कचेरीतल्या कारकुनाचं हे नाव दिलं होतं. त्याच लिंबाखाली टेबल मांडून अप्पा तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आले होते. आता शेजारी कॉम्प्युटरवाले बसू लागले होते. पण अर्जाला वजन पाहिजे असलं की गिऱ्हाईक अजून अप्पांकडंच यायचं. वजन म्हणजे एखादा शब्द. गळक्या पत्र्याला अप्पा 'जीवितास धोका' लिहीत, हरवलेल्या शेळीला 'पूर्वनियोजित कट'.

हॉटेलवाल्या मल्लेशचं म्हणणं साधं होतं. कुत्रं पायरीवर झोपतं, गिऱ्हाइकाला ओलांडून यावं लागतं, तेवढं लिहा. अप्पा म्हणाले, असल्या अर्जात वरचे लोक भजी बांधतात. मग त्यांनी 'लंगडे' या शब्दापुढं स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, 'पिसाळलेले'. त्याच वेळी पेशकार टेबलाखाली माठाचं सांडलेलं पाणी लपालपा पीत होतं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे अप्पांना शाळेपासून ठाऊक. पण स्वल्पविराम दिल्यावर हात आवरायची त्यांना सवय नव्हती.

नांदेडहून गाडी आली, जाळी पडली. अप्पांनी पेपर तोंडापुढं धरला तो गाडी गेल्यावरच खाली केला. पुढं चार दिवस ते टेबलाखाली पाय आखडून ठेवत राहिले, शेपटीवर पडू नये म्हणून. शेपटी नांदेडला होती.

पाचव्या दिवशी महामाया सोनकांबळे येऊन समोर बसल्या.

या बाईंना ओळखत नाही असं कुत्रं लोह्यात नव्हतं. सत्तावीस वर्षं त्यांनी नांदेडच्या एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काढली. जखम पाहून तोंड फिरवणारे नातेवाईक पाहून पाहून त्यांचा माणसांवरचा जीव जरा उडालाच होता. रिटायर झाल्यावर त्यांनी कुत्री धरली. नांदेडच्या कडेला कुत्र्यांचा निवारा आहे, तिथं महिन्यातून दोनदा जायचं. बाकीचे लोक गुबगुबीत पिल्लं शोधतात, बाई फाटकातच विचारायच्या, "कुणीच नेत न्हाई ते कुठं हाय?" वांगी निवडताना किडकी तेवढी पिशवीत टाकावी, तशी त्यांची निवड. घरच्या अंगणात अशी पाच-सहा किडकी वांगी कायम असत. त्यांना नावं नव्हती, खाटांचे नंबर होते. एका डोळ्याचा दोन नंबर, खरजेचा चार नंबर. एखादा गेला की बाई दिवसभर कुणाशी बोलत नसत आणि तो नंबर पुढच्याला देत. सध्या पाच नंबर रिकामा होता.

"अप्पा, एक अर्ज पाहिजे," बाई म्हणाल्या. "तुमचा तो पेशकार तिकडं मागच्या पिंजऱ्यात टाकून ठिवलाय. एकला. पिंजऱ्यावर पाटी हाय, पिसाळलेला. पाय फाटलाय, अळ्या पडल्यात, अन् भेवानं कुणी हात लावून नाही राहिलं."

अप्पांनी विचारलं की तिथला डॉक्टर काय म्हणतो.

"तो म्हणतो, दहा दिवस बघायचं. जगला तर पिसाळलेला न्हाई. पिसाळून न्हाई मरायचा तो, अळ्यांनी मरंल. तपासा म्हणलं तर म्हणतो, कागदावर तसं लिवलंय, दुसरा कागद आणा."

अप्पांनी तोंड उघडलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. बाहेर आलं ते एवढंच, की समास किती सोडू? बाई म्हणाल्या, समासाचं तुम्ही बघा.

मग अप्पांनी पाच कागद फाडले. 'मुक्या जिवाचा आक्रोश' लिहिलं, खोडलं. 'न्यायाची भीक' लिहिलं, तेही खोडलं. प्रत्येक वजनदार शब्द पाहिला की त्यांना त्या दुसऱ्या शब्दाची आठवण येई. शेवटी तीस वर्षांतला सगळ्यात छोटा अर्ज झाला. 'सदर कुत्रा पाणी पितो. अर्ज लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले आहे. कृपया तपासावे.' खाली साक्षीदार म्हणून सही कोण करणार, असं बाईंनी विचारायच्या आधीच अप्पांनी सही ठोकली आणि छत्री उचलली. मीपण येतो, म्हणाले.

नांदेडपर्यंत एसटीत बाई बँडेज गुंडाळत बसल्या आणि अप्पा खिडकीबाहेरचे सोयाबीनचे पट्टे जन्मात पाहिले नसावेत तसे पाहत बसले.

निवाऱ्यातल्या तरुण डॉक्टरानं फाईल उघडली. मल्लेशचा अर्ज वरच होता. नवा अर्ज त्याच्या शेजारी ठेवला गेला. तेच लांब वेलांट्यांचं अक्षर, तीच जांभळी शाई, दोन्ही कागद जुळ्या भावांसारखे. डॉक्टरानं एकदा कागदांकडं पाहिलं, एकदा अप्पांकडं. अप्पांनी छत्री उघडून मिटली. बाईही टेबलापाशीच उभ्या होत्या, पण त्यांनी कागदांवर नजर टाकली की नाही हे अप्पांना कळलं नाही. बाई म्हणाल्या, "आधी पाणी आणा."

पिंजऱ्यात वाडगं सरकवलं. पेशकार तीन पायांवर कसंबसं उठलं, वास घेतला आणि वाडगं तळापर्यंत चाटून टाकलं. मग त्याला अप्पा दिसले. शेपटी हलली. अप्पांना वाटलं, हे कुत्रं भुंकलं असतं, चावलं असतं, तर बरं झालं असतं.

डॉक्टरानं तासभर निरखून, तपासून सही दिली. काळजी घ्या म्हणाला, दहा दिवस पुरे होईपर्यंत बांधून ठेवा, पाय मात्र आजच धुवा.

लोह्यात रिक्षा अंगणात आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दोन नंबर, चार नंबर येऊन हुंगून गेले. बाईंनी पाणी उकळलं, चिमटा टाकला, पेशकाराच्या तोंडाला बँडेजची गाठ मारली आणि इकडंतिकडं पाहिलं. एरवी कुत्रं धरायचं काम त्यांचे मालक धम्मानंद करत. ते लेकीकडं लातूरला गेलेले. जखमेवरचं फडकं निघालं. अप्पांनी एकदाच पाहिलं. त्या भोकात काहीतरी वळवळत होतं, आणि अप्पांना वाटलं, तो आपला स्वल्पविराम आहे.

त्यांचा धीर सुटला. "बाई," ते म्हणाले, "पहिला अर्ज बी माझाच. मल्लेशनं म्हणलं नव्हतं, तो शब्द मी घातला. समोर पाणी पीत होतं, तरी घातला. माफ करा म्हणायला तोंड नाही मला." आणि पांढऱ्या केसांचा तो माणूस खरोखरच खाली वाकला. "मी तुमचे पाय धरतो."

बाईंनी चिमटा झटकला.

"माझे नका धरू, कुत्र्याचे धरा."