नांगर न लागलेलं रान

लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या सरकारी फार्मवर आले तेव्हा हे म्हणाले होते, लवकरच बदली होईल. पण यांच्याकडे मक्याचा प्रयोग होता. रान नांगरायचं नाही, जुन्या धसकटांतच बियांची टोकण करायची, विहिरीचं पाणी द्यायचं. प्रत्येक तुकड्याला युरियाचं प्रमाण ठरलेलं, दरवर्षी तेवढंच. एका तुकड्याला काहीच नाही. जमिनीत काय उरतं ते कळायला कैक वर्षं लागणार होती. माझ्या आग्रहानं यांनी बदलीचा अर्ज केला की वरून उत्तर यायचं, प्रयोग चालू असेपर्यंत माणूस हलवता येणार नाही. मला पेठ वडगावच्या शाळेत नोकरी मिळत होती, पण फार्मवरून रोज जाण्यायेण्याची सोय नव्हती, तीही सोडावी लागली. खिडकी उघडली की समोर तोच मका, आणि बिनखताचा तो तुकडा दर हंगामाला आणखी लवकर पिवळा पडायचा.

एका उन्हाळ्यात हे मीटिंगला पुण्याला गेले होते. सकाळी शेजारच्या रानातले मामा बैल आणि नांगर घेऊन बांधावर आले.

"मामा, काय करताय?"

"सायेबांकडं बैल न्हाईत, म्हाईत हाय मला. लाजत्यात, सांगत न्हाईत. रान दगडागत झालंय की! न्याहारीपातुर नांगरून देतो, पोरी."

मी दारातच थांबले. मनात आलं, गप्प बसावं. रान नांगरलं की प्रयोग मोडला, प्रयोग मोडला की आपण मोकळे. मामांनी फाळ टेकवला. आमची उमेदीची सगळी वर्षं त्याच मातीत गेली होती. अनवाणी धावत जाऊन मी बैलाची वेसण धरली.

"थांबा मामा! हे नांगरायचंच नाही!"

"आगं, मग पीक कसं यायचं?"

समजावता समजावता मला रडू फुटलं. मामांनी घाबरून बैल मागं घेतले.

हे परत आल्यावर मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. यांनी चहाचा कप खाली ठेवला. हळूच म्हणाले, "नांगरू दिलं असतंस तर सुटलो असतो गं."

इतकी वर्षं मला वाटायचं, यांनाच तो मका सोडवत नाही.

त्या पावसाळ्यात टोकणीला मीही यांच्याबरोबर रानात उतरले. बदली झाली ती आमची मुलगी कॉलेजात गेल्यावर, प्रयोग पुढं चालवायला दुसरे साहेब मिळाले तेव्हा. नव्या साहेबांची बायको सामान उतरवताना मला म्हणाली, "इथं फार दिवस नाही ना राहावं लागत?"

मी तिला समोरचा मका आणि विहिरीकडची वाट दाखवली.