ताप उतरला तो दिवस

शांताबाई माझी शेजारीण. डोंबिवलीतली आमची चाळ, भिंतीला भिंत, वीस वर्षांचा शेजार. पालिकेच्या कंत्राटावर ती घरोघरी डासांच्या अळ्या शोधत फिरायची. हातात बॅटरी, पिशवीत औषधाची बाटली. ड्रम उघडायची, फ्रिजमागचा ट्रे ओढायची, आणि अळी दिसली की अख्खा मजला डोक्यावर घ्यायची. "काय हो, पाणी साठवताय की डास पाळताय?" लोक वैतागायचे. मीही. पाणी एक दिवसाआड येणार, त्यात भरलेला ड्रम ओतायचा म्हणजे जिवावर यायचं. मला म्हणायची, "केशरे, तुझं नाव पहिलं लिहीन हां!" तपासून झालं की चौकटीवर खडूने तारीख घालायची.

नवरा वारलेला. एकुलती एक संचिता, एकोणीस वर्षांची, ठाण्याला कॉलेजात. तिच्यासाठीच ही उन्हातान्हात फिरायची. गेल्या ऑगस्टमध्ये संचिताला डेंग्यू झाला. डास कॉलेजात चावला की इथे, देव जाणे. शांताबाई मात्र घोकत बसली, "माझ्याच घरात कसा गं शिरला?" चार दिवस पोर तापाने फणफणली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला लावा म्हणून सांगितलं, रोज रक्त तपासा म्हणाले. आणखीही काहीतरी बोलले, पण दवाखान्यात ही गर्दी, आणि आमचं सगळं लक्ष थर्मामीटरकडे.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. शांताबाई थर्मामीटर घेऊन धावतच माझ्याकडे आली. "केशरे, अठ्ठ्याण्णव! बघ ना, बघ!"

मी म्हटलं, "चला, गंगेत घोडं न्हालं. तू जा आता कामाला, चार खाडे झालेत. मी आहे ना पोरीजवळ."

ती दारात घुटमळली. मीच तिला ढकललं. मीच! रक्त तपासायचं राहिलंय म्हणाली, तर "आता कशाला सुया टोचतेस लेकराला," हेही मीच म्हणाले.

दुपारी संचिता म्हणाली, "मावशी, पोटात खूप दुखतंय." मी ओवा दिला. तो उलटून पडला. मग परत उलटी, परत उलटी. हातपाय गार पडलेले, आणि मला मेलीला वाटलं, गार म्हणजे बरंच की, ताप गेला ना! अंगावर चादर घातली, नीज बाळा म्हटलं. सकाळपासून ती लघवीलाही उठली नव्हती, तेही माझ्या ध्यानात आलं नाही. शांताबाई चारला घरी आली, पोरीच्या पावलाला हात लावला आणि किंचाळली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डेंग्यूत ताप उतरतो ना, तेव्हाच खरा धोका असतो. पुढचे एक-दोन दिवस जपायचे. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो. पोटदुखी, सारख्या उलट्या, गार हातपाय, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं की लगेच आणायचं." बारा वर्षं शांताबाईने अळ्या मारल्या, आणि हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. की पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि आम्हीच ऐकलं नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी संचिता गेली.

शांताबाई मला एक शब्द बोलली नाही. शिव्या द्यायच्या होत्यास गं, माझ्या झिंज्या उपटायच्या होत्यास! पंधरा दिवसांनी तिने पुन्हा पिशवी खांद्याला लावली. घरात बसून तरी काय करणार होती?

परवा आमच्या मजल्यावर आली. माझ्या ड्रममध्ये बॅटरी मारली, ट्रे ओढून पाहिला. मग हातातल्या तपासणीच्या कागदावरची नजर न काढता विचारलं, "ताई, घरात कोणाला ताप आहे का?"

मला, ताई!

"नाही," मी म्हटलं.

"येऊन उतरलाय का कोणाचा?"

तिच्या कागदावर हा प्रश्न छापलेला नाही. मी पाहिलाय तो कागद. तरी ती उत्तरासाठी उभी राहिली.

"नाही गं शांते," मी म्हणाले. तिने चौकटीवर तारीख घातली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.