आधी हाक मारायची

झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे मी मनगट सुजवून घेऊन शिकले.

आज सुभेदारसाहेबांना जाऊन वर्ष झालं.

फोटो टाकत नाहीये. माझ्याकडे एकच आहे आणि त्यात ते माझ्यावर डाफरताहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी बडोद्यात सयाजीगंजच्या बाजूला म्हाताऱ्या फौजींच्या होममध्ये नर्सिंग असिस्टंट आहे. नर्स नाही. नर्स इंजेक्शन देते. मी अंग पुसते, डायपर बदलते, दाढी करते, भरवते आणि शिव्या खाते.
नागरवाड्यात आमच्या शेजाऱ्यांना अजून वाटतं मी मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. वाटू दे बापडे.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून सुटल्यावर बडोद्यात नोकरी लागली आणि इथलेच झाले. गुजराती बोलायचे तेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं.

ते नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मी त्यांचं अंग पुसायला गेले आणि खांद्याला हात लावला.
डोळे उघडायच्या आधीच त्यांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगड्या फुटल्या.

"उठलो. उठलो मी. उठलोय ना."

सोडेचनात. आमच्या इन्चार्ज ज्योत्स्नाबेन धावत आल्या. मला वाटलं, आता ओढून सोडवतील. त्या बेडच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुभेदारसाब, ज्योत्स्ना छुं."

हात सुटला.

मग बाहेर नेऊन मनगटावर बर्फ ठेवला आणि वर मलाच झापलं. "सुलभाबेन, फौजीने अडवानुं नहीं. पहेलां बोलाववानुं."
फौजीला एकदम हात लावायचा नाही, आधी हाक मारायची. पायाकडे उभं राहून, आपलं नाव सांगून. मगच हात.

तेव्हापासून रोज सकाळी माझं ठरलेलं. "साहेब, मी सुलभा. सकाळ झाली. हात लावते."
ते डोळे मिटूनच "हं" म्हणायचे. मग मी पुढे व्हायची.

एकदा म्हणाले, "रोज नाव सांगतेस. मी काय विसरभोळा आहे?"
म्हटलं, "बांगड्या महाग झाल्यात."
हसले. फार कमी वेळा हसायचे.

ड्यूटी कुठे होती विचारलं की एकच उत्तर. "थंडीत."

पण एकदा दाढी करताना, एका गालाला फेस तसाच, आपणहून बोलले.

"तंबूत आम्ही दोघंच. रात्री माझ्या खांद्यावर हात पडला. वाटलं, पहाऱ्याची पाळी आली म्हणून उठवतोय. म्हटलं, पाच मिनिटं. आणि झोपलो."

माझा रेझर थांबला.

"सकाळी हात तिथेच होता. लाकूड झालेला."

"मग?"

"मग काय. दुसरा गाल कर."

केला. ते भिंतीकडे बघत बसले होते.

त्यांचा मुलगा, अजितभाई, दर रविवारी अहमदाबादहून यायचे. साहेब झोपलेले असले की स्टूल ओढून पायथ्याशी बसायचे. तासन् तास.

मला म्हणाले होते, "बाबा झोपलेले असले की आई आम्हाला त्यांच्या खोलीत जाऊ द्यायची नाही. दारातूनच हाक मारायची. मी त्यांच्या कुशीत एकदाही झोपलेलो नाही, ताई."

पन्नाशीचा माणूस. हे सगळं नळाला पाणी आलं नाही इतक्या साधेपणाने सांगत होता.

"एकदा त्यांचा हात धरून बसायचंय. जागे असले की हँडशेक करतात. आणि झोपेत मी लावला तर घाबरतील."

शेवटी शेवटी साहेब झोपूनच असायचे. मी म्हटलं, "धरा हो हात. आता काही ताकद राहिली नाही त्यांच्यात."
"नको ताई. आतून घाबरतील."

ती दुपार होती. बाहेर जेवणाच्या थाळ्या वाजत होत्या. अजितभाई स्टुलावर बसलेले. साहेबांचा श्वास थांबला. डॉक्टर आले, बघितलं, मान हलवली आणि गेले.

अजितभाई उठून पायथ्याशी उभे राहिले.

"बाबा, मी अजित."

थांबले. लहानपणापासूनची सवय.

"बाबा, मी अजित. हात लावतो."

मग माझ्याकडे बघितलं. "ताई, लावू?"

मी म्हटलं, "लावा."

कपाळावर ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी खांद्यावर ठेवला. नेमका तिथेच.

तंबूची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ती मी नंतर सांगितली. हे लिहितेय तेही त्यांना विचारूनच.

खरं सांगते, मी वाट बघत होते. माणूस गेलाय हे मला कळत होतं, तरी कान लावून उभी होते. आता म्हणतील, उठलो.

अजितभाईंनी हात काढलाच नाही. आम्हाला पुढचं सगळं करायचं होतं, पण ज्योत्स्नाबेन दारातच उभ्या राहिल्या आणि कुणाला आत येऊ दिलं नाही.

वर्ष झालं तरी ते माझ्या अंगातून जात नाही.

लेकीला उठवतानाही मी दारातून सांगते, "मी आई आहे." ती पांघरुणातून म्हणते, "मम्मी, तुं ज होय ने. दुसरं कोण?"

परवा मांडवीत भाजी घेत होते. मागून एका बाईने खांद्यावर हात ठेवला. "बेन, जरा खसो ने." बाजूला सरका म्हणत होती.

माझ्या तोंडून निघालं, "उठले."

ती बघतच राहिली. मी पिशवी तिथेच विसरून घरी आले.

साहेब, मी सुलभा.

हात लावत नाही.

झोपा. पाच मिनिटं नाही, पोटभर झोपा.