सी-टॉवरची रिकामी फाइल

आधीच सांगून टाकते, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. आमचं घर पुण्यातलं, ख्रिस्ती. रविवारची उपासना चुकायची नाही, पण भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की बाबा सरळ रेडिओचा आवाज मोठा करायचे. त्यात मी कॉम्प्युटरवाली. मशीन चुकलं म्हणजे कुणीतरी त्याला चुकीचं सांगितलंय, एवढं मला पक्कं माहीत. आजही तेच मानते. फक्त ही एक गोष्ट त्यात बसत नाही... म्हणून लिहितेय.

गुडगाव तेव्हा गुडगावच होतं, त्याचं गुरुग्राम झालं नव्हतं. काचेची दोन-चार ऑफिसं उभी राहिली होती आणि त्यांच्या मागे थेट मोहरीची शेतं. तिथल्या एका नव्या सेक्टरमध्ये चार टॉवर बांधायचं काम सुरू होतं. नकाशे मुंबईच्या आर्किटेक्टकडून यायचे. ते आपोआप साइटवर उतरावेत यासाठी आमच्या कंपनीने एक सॉफ्टवेअर विकलं होतं, आणि ते बसवायला मला दिल्लीहून पाठवलं.

पत्र्याच्या साइट ऑफिसात प्रोजेक्ट इंजिनिअर बसल्या होत्या — मेश्राम मॅडम. नागपूरच्या, चाळिशीतल्या, टेबलावर हेल्मेट आणि त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा छोटा फोटो. माझं हिंदी ऐकून त्या हसल्याच.

"मराठी का गं तू?"

"हो मॅडम, रूथ. पुण्याची."

"अरे वा! चलो, मग चहा आधी, काम नंतर."

काम तसं सोपं होतं. आलेली फाइल डिस्कवर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची, त्याच नावाची जुनी फाइल असेल तर काय करायचं, पूर्ण उतरेपर्यंत तिला तात्पुरतं नाव द्यायचं, आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी फक्त सॉफ्टवेअरला. सगळं सेट केलं, बटण दाबलं. नकाशे धडाधड उतरले. ए, बी, डी टॉवरचे सगळे उघडले. सी-टॉवरचेही उघडले, फक्त त्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या पायाचा नकाशा सोडून. ती फाइल आली होती, पण साइज शून्य. आत काहीच नाही.

मला हसू आलं. अशा गोष्टी मी रोज सोडवायचे.

परत मागवली... शून्य. फोल्डर बदलला, शून्य. फाइलचं नाव बदलून पाठवायला सांगितलं, तरी शून्य. डिस्क तपासली, ठणठणीत. मुंबईवाल्याने तेवढ्याच साइजची दुसरी फाइल पाठवली, ती अगदी नीट आली. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदीत दोन्हीकडे 'पूर्ण' लिहिलेलं. मुंबईहून पूर्ण गेली, इथे पूर्ण उतरली, आणि डिस्कवर मात्र रिकामी!

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसात तीच फाइल मेलवर मागवली, सीडीवर घातली आणि टॅक्सीने साइटवर गेले. माझ्या लॅपटॉपवर सीडी झकास उघडली. साइटच्या कॉम्प्युटरवर वेगळ्याच फोल्डरमध्ये कॉपी केली — शून्य. पण मी हट्टी. सरळ लॅपटॉपला प्रिंटर जोडला आणि नकाशा कागदावर काढला. काळ्या रेघा, मोजमापं, सगळं जागच्या जागी.

"घ्या मॅडम. फाइलचं मी बघते, तुमचं काम अडायला नको."

त्यांनी कागद घेतला, पण बघत होत्या खिडकीबाहेर. सी-टॉवरच्या त्या कोपऱ्यात जमीन सपाट करून ठेवली होती. उद्या सकाळी तिथे पायाची भोकं पाडायचं अवजड मशीन उभं राहणार होतं, आणि त्याच्या भोवती आठ-दहा माणसं.

"रूथ, बाकी सगळ्या फाइली येतात?"

"सगळ्या."

"आणि हीच नाही. कशीही आणली तरी."

"मॅडम, तुम्ही पण? अहो, सॉफ्टवेअरचाच काहीतरी गोंधळ असणार."

"असेल की. मी कुठे भूत म्हणतेय? पण एकाच जागेपाशी अडतंय ना? मग ती जागा बघून घ्यायला माझं काय जातं? माती तपासणाऱ्यांनी भोकं पाडली ती बाकीच्या तीन कोपऱ्यांत. इथे नाही."

फोरमन दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडमजी, पंडितजी को बुला लें?"

"पहले पोकलेन बुलाओ यार," मॅडम म्हणाल्या.

दुपारचं लख्ख ऊन. मॅडमनी सगळ्या मजुरांना लांब उभं केलं. पोकलेनवाल्याला सांगितलं, मशीन मागेच ठेव, हात पूर्ण लांब कर आणि बकेटने जमीन नुसती दाब. त्याने दाबली. काही झालं नाही. मी मॅडमकडे बघितलं. जरा विजयानेच बघितलं असणार. त्याने पुन्हा दाबली, थोडी जोरात.

जमीन खाली गेली.

खचली नाही, गेली. एक घरघर झाली, धूळ उडाली आणि मघा जिथे सपाट माती होती तिथे काळं गोल तोंड. कडेला जुन्या पातळ विटांचं कडं. विहीर होती. वर लाकडं टाकून कुणीतरी कधीकाळी बुजवल्यासारखी केलेली. कुणाच्याच नकाशात नव्हती. फोरमनने एक वीट आत टाकली. आवाज यायला इतका वेळ लागला की तो स्वतःच दोन पावलं मागे सरकला.

मॅडमनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चलो, दोरी बांधा चारी बाजूंनी. कुणी जवळ जायचं नाही."

ऑफिसात परतलो तर स्क्रीनवर तो फोल्डर उघडाच होता. आम्ही बाहेर असताना, ठरवून दिलेल्या वेळेला नकाशे आपोआप पुन्हा उतरले होते. सी-टॉवरच्या त्या फाइलपुढे साइज दिसत होती. पूर्ण. डबल-क्लिक केलं, उघडली. मी एकही सेटिंग बदललं नव्हतं. आत दुसरं कुणी नव्हतंच.

पुढे मी ती नोंद सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पाठवली. 'असं होऊ शकत नाही,' एवढंच उत्तर आलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं. सीडीवरून केलेल्या कॉपीत तर त्यांचं सॉफ्टवेअर मध्ये येतच नव्हतं... मग ती का रिकामी झाली? माहीत नाही. इतकी वर्षं हेच काम करतेय, अशा शेकडो जागी सेटिंग्ज करून दिली, पुन्हा कधीच तसं झालं नाही.

त्या दिवशी निघायच्या आधी मला कामाचा रिपोर्ट भरायचा होता. काय बिघडलं होतं, ते लिहून झालं. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"मॅडम, इथे काय लिहू?"

त्या फोनवर मुंबईला विहिरीचं सांगत होत्या. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, "लिही, कारण कळलं नाही. खोटं काही लिहू नकोस. मी सही करते."